ओठाला सुट्टी



आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण ओठाबद्दल बोलणार आहोत. हसू नका, लिपस्टिकचा विषय नाही. लग्नात बँड वाजतो ना, त्यातल्या ट्रंपेटवाल्याच्या ओठाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि ट्रंपेटचा काय संबंध? संबंध असा, की आमच्याकडच्या गटांमध्ये बँडवाल्यांच्या घरातल्या अकरा बायका आहेत. कुणाच्या घरचा हप्ता म्हशीवर चालतो, कुणाचा शिलाई मशीनवर, तसा यांच्या घरचा ओठावर चालतो. म्हैस बसली तर आपण सगळ्या धावत जातो, जनावरांच्या डॉक्टरला फोन करतो. ओठ फुटला तर मात्र ‘त्यात काय एवढं, लाव थोडं तूप’ म्हणून मोकळ्या होतो.

आमच्या एका ताईंचे मालक बँडमध्ये पहिला ट्रंपेट वाजवतात. बँडच्या भाषेत त्यांना मास्टर म्हणतात. गटातल्या आम्ही सगळ्या त्यांना दाजी म्हणतो, म्हणून इथंही दाजीच म्हणू. ताईंनी नाव सांगू नका असं सांगितलंय. पण गोष्ट सांगा, असंही त्यांनीच सांगितलंय.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी एका लग्नात परण्या निघाला होता. पुढं पोरं नाचत होती. नाचता नाचता एकाचा हात ट्रंपेटच्या कर्ण्यावर जोरात बसला आणि मागचं माउथपीस दाजींच्या वरच्या ओठावर आपटलं. एका अंगाला पितळ, दुसऱ्या अंगाला दात आणि मध्ये ओठ. आतून दातानं कापला, बाहेरून पितळेनं. दाजींनी रुमाल दाबून धरला, थोडं थांबले आणि परत वाजवायला लागले. मारुतीच्या देवळापर्यंत वाजवलं, तिथून परत मांडवापर्यंत वाजवलं. मास्टर थांबला तर बँड थांबतो, आणि बँड थांबला तर पाहुणे सुपारीचे पैसे कापतात. एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. बँडवाला वरातीत सगळ्यांच्या पुढं चालतो, पण पंगतीत सगळ्यांच्या शेवटी बसतो. त्या दिवशी दाजी पंगतीत बसलेच नाहीत. घास तोंडात जातच नव्हता.

रात्री गावातल्या दवाखान्यात तीन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी टाके निघाले. ओठाला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, त्यामुळं ओठावरची जखम लवकर मिटते, आणि इथंच सगळे फसतात. वरची कातडी जुळली म्हणजे आतलं सगळं जुळलं असं वाटतं. टाके काढल्यावर तिसऱ्याच दिवशी दाजी सुपारीवर गेले. बँडमालकाकडून हंगामाआधी पंचवीस हजारांची उचल घेतलेली होती. वैशाख म्हणजे तिथीवर तिथी, मग घरी कोण बसणार?

मे महिना असाच गेला. संध्याकाळी ओठ सुजायचा, सकाळी थोडा उतरायचा, दुपारी परत ट्रंपेट. पहिल्यांदा वरचे सूर गेले. मग मधला सूर धरला की चार-पाच मोजेपर्यंत फाटायला लागला. शेवटी शेवटी तर चहा पिताना कोपऱ्यातून गळायला लागला. ताईंनी बैठकीत सांगितलं ते हेच. म्हणाल्या, ‘आज त्यांना शीळ वाजवून दाखवा म्हटलं, तर नुसती हवा आली.’

ती बैठक आम्हाला चांगली आठवते, कारण ती शांततेत झाली नाही. ताईंवर गटाचं तीस हजारांचं कर्ज होतं, घराचे पत्रे बदलायला घेतलेलं. त्यातलं अठरा हजार मुद्दल बाकी होतं. महिन्याचा हप्ता दीड हजार, वर व्याज. ताई म्हणाल्या, या महिन्यात जमणार नाही, आणि पुढच्या महिन्याचंही सांगता येत नाही. एक अक्का लगेच बोलल्या, ‘हातपाय धड आहेत की त्यांचे. ओठ दुखतोय म्हणून हप्ता थांबवला, तर उद्या कुणी कंबर दुखते म्हणंल.’ अक्कांचं बोलणं कडू वाटलं, पण चूक नव्हतं. गटाचे पैसे म्हणजे वीस-वीस रुपये करून जमवलेले पैसे. ते थांबले तर दुसऱ्या कुणाचं तरी काम थांबतं. आणि खरं सांगायचं तर बैठकीतल्या निम्म्या जणींना हेच कळत नव्हतं, की ओठाला एवढं काय होतं, की माणूस महिनोन्‌महिने घरी बसावा.

म्हणून ठराव पुढच्या आठवड्यावर ठेवला आणि ताई, दाजी आणि आम्ही दोघी मिरजेला गेलो. मिरज आपल्याकडं वाद्यांचं गाव. सतारी, तंबोरे तिथंच तयार होतात. आणि दवाखान्यांचंही गाव. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी दाजींना ओठांचा चंबू करायला लावला, गाल फुगवून धरायला लावले, हातमोजा घालून ओठ आतून-बाहेरून चाचपला. मग आम्हाला समजेल असं समजावून सांगितलं. ते तुम्हालाही सांगतो.

क्लॅरोनेट, सनई या वाद्यांना पत्ती असते, बोरूची किंवा ताडाच्या पानाची. ती थरथरते आणि सूर निघतो. ट्रंपेटला अशी पत्ती नसते. नुसती फुंकर मारली तर फुसफुस हवा जाते, सूर निघत नाही. ट्रंपेटमध्ये थरथरतो तो माणसाचा ओठ. ओठच तिथली पत्ती. मधल्या पट्टीतला एक सूर धरला तर ओठ सेकंदाला चारशेच्या वर वेळा उघडतो आणि मिटतो. आपली तुतारी, आपलं शिंग, त्यांचंही असंच. शिवजयंतीला फेटा बांधून तुतारी वाजवणारा माणूसही ओठच वाजवत असतो.

या ओठाच्या आत तोंडाभोवती गोल फिरणारा एक स्नायू असतो, पिशवीच्या तोंडाला नाडी असते तसा. नाडी आवळली की तोंड बंद. पाणी तोंडात धरणं, शीळ घालणं, लेकराचा पापा घेणं, सगळं या नाडीवर. दाजींची कातडी जुळली होती, पण आत ही नाडी दुखावलेली होती, आणि त्यावर महिनाभर रोज पितळ दाबलं होतं. डॉक्टर म्हणाले, स्नायू पूर्ण तुटलेला नाही, ऑपरेशनची गरज नाही. पण सहा आठवडे वाद्याला ओठ लावायचा नाही. त्यानंतरही लगेच काम नाही, हळूहळू सुरुवात. आणि तंबाखू बंद. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो.

सहा आठवडे म्हटल्यावर दाजींचा चेहरा पडला. त्यांनी एकच विचारलं, ‘परत वाजंल का?’ डॉक्टरांनी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. म्हणाले, जितकी घाई कराल तितका उशीर होईल.

हा त्रास काही एकट्या दाजींचा नाही. अमेरिकेत लुई आर्मस्ट्राँग नावाचे फार मोठे ट्रंपेटवादक होऊन गेले. काळ्या लोकांच्या गरीब वस्तीत, न्यू ऑर्लिन्स शहरात १९०१ मध्ये जन्मले. वाजवायला शिकले ते पोरांच्या सुधारगृहात. वरचे सूर लावण्यात त्यांच्यासारखा दुसरा नाही असं म्हणत. त्या वरच्या सुरांनी आणि रोजच्या कार्यक्रमांनी त्यांचा ओठ फाटला. १९३४ मध्ये ते पॅरिसला कित्येक महिने काम थांबवून राहिले, ओठाला विश्रांती म्हणून. पुढं परत आले आणि १९७१ मध्ये वारले तोवर जगभर गाजले. ट्रंपेटबरोबर गातही होते, आणि त्यांचा घोगरा आवाज लोकांना ट्रंपेटइतकाच आवडला. त्यांचं लाडाचं नाव सॅचमो. १९८२ मध्ये स्पेनमधल्या एका सर्जननं ट्रंपेट वाजवणाऱ्यांच्या ओठातला हा स्नायू कसा फाटतो यावर लिहिलं, तेव्हा या दुखण्याला सॅचमोचंच नाव दिलं. ही गोष्ट आम्ही दाजींना सांगितली. दाजी म्हणाले, ‘त्यांना पॅरिसला राहायला पैसे होते.’ यावर आमच्याकडं काही उत्तर नव्हतं.

तर आता प्रश्न पैशाचाच होता. पुढच्या बैठकीत ताईंनी स्वतः उठून सगळं सांगितलं. नाडीचं उदाहरण देऊन सांगितलं. अक्कांनी आधी स्वतःचा ओठ दोन बोटांनी दाबून बघितला, मग विचारलं, ‘आणि सहा आठवड्यांनी?’ बरीच चर्चा झाली. ठराव असा झाला, की तीन महिने फक्त व्याज भरायचं, तीनशे साठ रुपये. मुद्दल थांबवायचं. आठवड्याची बचत मात्र चुकवायची नाही, बैठकीलाही यायचं. तीन महिन्यांनी परत बघायचं. इतिवृत्तात कारण लिहिलं, ‘कामाच्या अवयवाला दुखापत’. हे शब्द अक्कांनीच सुचवले. कंबर दुखण्याचा दरवाजाही त्यांनीच बंद केला, डॉक्टरचा कागद पाहिजे अशी अट घालून.

ताई त्या दिवसांत दोन ठिकाणी कामाला जात होत्या, सकाळी अंगणवाडीचा आहार शिजवायला आणि दुपारी द्राक्षाच्या बागेत. घरी आल्यावर ताकभात, दुधात कुस्करलेली भाकरी, मिरचीशिवायचं कालवण. पहिल्या आठवड्यात मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. सगळ्यात अवघड होती तंबाखू. पुडी कधी चपलेच्या कप्प्यात सापडायची, कधी ट्रंपेटच्या पेटीत. ताईंनी भांडण केलं नाही. सापडलेली प्रत्येक पुडी आणि तिची किंमत वहीत लिहायला लागल्या. महिन्याचा हिशोब दाजींपुढं ठेवला तेव्हा आकडा गटाच्या व्याजापेक्षा मोठा होता. तंबाखू पूर्ण सुटली असं आम्ही म्हणणार नाही. पण कमी झाली. आणि तंबाखूवरून एक सांगायचं आहे, बँडवाल्यांच्या घरच्यांनी नीट ऐका. ओठावरची किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा राहिला, तर ‘वाजवून झालं असेल’ असं समजून बसू नका. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या तोंडात ती दुसऱ्या मोठ्या आजाराचीही खूण असू शकते. सरकारी दवाखान्यात तोंड दाखवा. तपासायला वेळ लागत नाही.

सहा आठवडे संपले तेव्हा आषाढ लागला होता. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. डॉक्टरांनी सांगितलेला पहिला धडा वाद्याशिवाय होता. ओठ सैल सोडायचे आणि घोडा करतो तसं फुर्रर्र करायचं. दाजी ओट्यावर बसून फुर्रर्र करायला लागले आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या हसायला लागल्या. आपल्याकडं तान्हं लेकरू फुर्रर्र करायला लागलं की पाऊस येणार म्हणतात ना. एक आजी म्हणाल्या, ‘कर रं बाबा, जरा जोरात कर, बाजरी वाळून चाललीय.’ पाऊस काही त्या आठवड्यात आला नाही. पण दाजी दीड महिन्यानं हसले, असं ताई म्हणाल्या.

मग ट्रंपेट हातात आला. यात ताईंनी जे केलं ते आम्हाला फार आवडलं. गटाच्या वहीसारखी एक वही केली. रकाने पाडले: तारीख, किती मिनिटं वाजवलं, किती मिनिटं थांबले, दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ कसा. मोबाईलवर गजर लावायचा. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं वाजवायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं तीनदा. खालचे आणि मधले सूर, तेही हळू आवाजात, लांब धरलेले. जितका वेळ वाजवलं तितका वेळ विश्रांती, हा नियम. वाढवायचं तर आठवड्याला दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. सकाळी ओठ जड, सुजलेला किंवा बधिर वाटला तर त्या दिवशी सुट्टी. संध्याकाळी थोडं थकल्यासारखं वाटणं चालतं, पण ते सकाळपर्यंत गेलं पाहिजे. दाजी सांगायचे, आज बरं वाटतंय, अजून पाच मिनिटं वाजवतो. ताई वही दाखवायच्या. त्यांना सुरातलं काही कळत नाही, पण आकडे कळतात.

दाजींना एक जुनी सवय मोडावी लागली. दमलेला ट्रंपेटवाला वरचा सूर लागत नाही म्हणून हातानं ट्रंपेट ओठावर दाबतो. दाबलं की सूर लागतो, आणि ओठातलं रक्त थांबतं. उजव्या हाताच्या करंगळीला एक पितळेची आकडी असते, तिच्यात करंगळी अडकवून माणूस वाद्य अजून जोरानं ओढतो. डॉक्टरांनी करंगळी आकडीच्या बाहेर ठेवायला सांगितली. दुसरं, ट्रंपेट तळहातावर नुसता आडवा ठेवायचा, मुठीत धरायचा नाही, आणि हलकासा सूर काढून बघायचा. मूठच नाही म्हटल्यावर दाबणार कशानं? पहिल्या दिवशी दाजींना असं काहीच वाजवता आलं नाही. वीस वर्षं मास्टर असलेला माणूस. आठ दिवसांनी एक सूर लागला.

हे सगळं एका माणसाच्या दुखापतीला त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, हे ध्यानात ठेवा. तुमच्या घरी कुणाला असं झालं तर आधी दाखवून घ्या. विशेषतः जखम ओठाच्या लाल कडेतून आरपार गेली असेल, ओठ बधिर राहिला असेल, पाणी पिताना गळत असेल, किंवा शीळ घालता येत नसेल, तर थांबू नका. दाताची कड तुटून धारदार झाली असेल तर दाताच्या डॉक्टरकडून ती घासून घ्या, नाहीतर तीच जखम पुन्हा पुन्हा उघडते. लागल्या लागल्या कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरला तर सूज कमी राहते. माउथपीस साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. एकाचं माउथपीस दुसऱ्यानं तोंडाला लावू नये. बँडमध्ये हे सर्रास चालतं.

गणपती जवळ आले आणि खरी परीक्षा तेव्हा झाली. वहीत तेव्हा दिवसाला पंधरा मिनिटं लिहिलेली होती. बँडमालकाचा निरोप आला, पाच दिवसांच्या मिरवणुका आहेत, दुप्पट देतो, मास्टरला पाठवा. नाही पाठवायचं तर उचल परत करा. दाजी जायला तयार झाले. शर्ट इस्त्री करून ठेवला होता. ताईंनी आम्हाला बोलावलं. आम्ही दाजींना सल्ला दिला नाही. कागदावर दोन आकडे लिहिले. एकीकडं गणपतीच्या पाच सुपाऱ्या, दुप्पट धरून. दुसरीकडं तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंतच्या सुपाऱ्या, जर ओठ टिकला तर. कागद बराच वेळ दाजींच्या हातात होता.

मग आम्ही चौघी जणी बँडमालकाकडं गेलो. तो काही वाईट माणूस नाही. त्याचेही दिवस पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, डीजेनं निम्म्या सुपाऱ्या नेल्या, बेंजोनं काही नेल्या. पण पंचवीस हजार त्यालाही सोडवत नव्हते. तासभर बोलणं झालं. शेवटी असं ठरलं, की ट्रंपेट दाजींचा पुतण्या वाजवेल, सतरा वर्षांचा आहे, दाजींनीच शिकवलेला. दाजी ड्रेस घालून सोबत चालतील, खुळखुळा वाजवतील, पोराला कुठलं गाणं, कधी वळायचं ते सांगतील. रोज खुळखुळ्याचाच मिळेल, आणि तो उचलीतून वजा होईल.

ऐकायला हे सोपं वाटतं. ज्यांनी बँड जवळून बघितलाय त्यांना कळेल. ज्याच्या हाताच्या इशाऱ्यावर सगळा बँड थांबतो, तो माणूस खुळखुळा घेऊन चालतोय. चौकात कुणीतरी ओरडलंच, ‘मास्टर, बढती झाली का?’ ताई म्हणाल्या, पहिल्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या रात्री पुतण्याला घेऊन बसले आणि त्याची एक जागा सारखी चुकत होती ती बारा वाजेपर्यंत तोंडानं गाऊन गाऊन बसवून घेतली. तोंडानं, ट्रंपेटला हात न लावता.

गटानं मुदत अजून तीन महिने वाढवली. यावेळी चर्चा झाली नाही. वही सगळ्यांच्या हातातून फिरली, तेवढंच.

तुळशीच्या लग्नानंतर पहिली सुपारी आली. दाजींनी त्या दिवशी तीन गाणी वाजवली, मध्ये मध्ये थांबून, आणि बाकीची पुतण्यानं. डिसेंबरात सहा, मार्चपर्यंत अर्ध्याहून जास्त. सगळं पहिल्यासारखं झालं का? नाही. अगदी वरचे सूर अजून भरवशाचे नाहीत. ओठाच्या आत एक गाठीसारखा वण आहे, तो हळूहळू मऊ होईल असं डॉक्टर म्हणतात. वरचं पुतण्या वाजवतो, खालचं दाजी. मास्टर म्हणून इशारा अजून दाजीच करतात. पहिल्यापेक्षा रोज थोडा कमी मिळतो. गटाचं मुद्दल मागच्या फाल्गुनात सुरू झालं आणि आता चारच हप्ते राहिलेत.

या हंगामाला उचल घेण्याआधी ताई स्वतः बँडमालकाकडं गेल्या आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. एक, गाडीवर कॅसिओला माईक असतो, तसा एक माईक ट्रंपेटजवळ. कॅसिओ भोंग्यातून वाजतो आणि ट्रंपेटवाला नुसत्या ओठानं त्याच्याशी झुंजतो, निम्मी दुखापत तिथंच होते असं आमचं मत आहे. दोन, ट्रंपेट दोन पाहिजेत, आळीपाळीनं वाजवायला. तीन, नाचणारी पोरं आणि बँड यांच्यामध्ये दोरी. दोरी सगळ्यात स्वस्त, आणि तीच अजून प्रत्येक वरातीत मिळत नाही. पाहुण्यांना तो अपमान वाटतो.

सरकारी योजनेतून काही मिळतं का, हे बऱ्याच जणींनी विचारलं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत आहे, ती सगळ्यांनी घ्यावीच. पण ती अपघाती मृत्यू किंवा हात, पाय, डोळे कायमचे जाणं यासाठी आहे, ओठाच्या दुखापतीला त्यात काही नाही. ई-श्रमवर नोंदणी करा, असंघटित कामगार म्हणून आपली नोंद होते. पण घरी बसलेल्या दिवसांचा रोज त्यातून मिळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक आजारांवर दवाखान्यातले उपचार होतात. तिथंही बुडालेला रोज कुणी देत नाही.

म्हणून बँडवाल्यांच्या घरातल्या अकरा जणींनी यंदा वेगळी पेटी सुरू केली आहे. गटाच्या बचतीशिवाय आठवड्याला वीस रुपये. वर्षाचे होतात अकरा हजार चारशे चाळीस. दुखापत झाली, डॉक्टरचा कागद आला, तर त्या घराला महिन्याला दोन हजार, जास्तीत जास्त तीन महिने, बिनव्याजी. हंगामात वाजवायला लागल्यावर हप्त्यानं परत. पहिल्याच बैठकीत वाद निघाला. एका बाईचे मालक हलगी वाजवतात, त्यांच्या बोटाला चीर पडते, ते यात धरायचं का? अक्का म्हणाल्या, कामाचा अवयव म्हणजे कामाचा अवयव. दुसरी म्हणाली, मग नाचणाऱ्या पोरांच्या पायाचंही धरा. त्यावर अजून ठराव झालेला नाही, येत्या मंगळवारी परत बसायचं आहे.

ताईंच्या वहीचा आणि या पेटीच्या नियमांचा नमुना आम्ही लिहून काढला आहे. कुणाला पाहिजे असेल तर आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा, आम्ही झेरॉक्स पाठवून देऊ.